प्रिव्हिलेजला मराठीत काय म्हणू?

पुतणीनं प्रश्न पाठवला : ‘काका, प्रिव्हिलेजला मराठी शब्द सांगा. निबंधात हवाय. कोशात विशेषाधिकार मिळाला, पण तो बरा दिसत नाहीये.’ सोबत तिचं वाक्य होतं, ‘मी एक विशेषाधिकारप्राप्त विद्यार्थिनी आहे.’

हे वाचून डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी आली. शब्द चुकीचा नाही, जागा चुकली. विशेषाधिकार हा कायद्यानं दिलेला असतो. राज्यघटनेच्या कलम 105 मध्ये संसदेचे आणि 194 मध्ये विधिमंडळाचे विशेषाधिकार आहेत, तिथे हा शब्द शोभतो. तिथेही गंमत अशी, की ते मोडले की बातमी ‘हक्कभंगा’ची होते. नवख्या वाचकाला वाटावं नागरिकांच्याच हक्कावर गदा आली, आणि भंगलेला असतो तो सभागृहाचा किंवा आमदाराचा खास हक्क! मूळ लॅटिन शब्दही कायद्यातलाच : ‘प्रिवस’ म्हणजे एकट्यापुरता, ‘लेक्स’ म्हणजे कायदा. रोमन लोकांत एकाच माणसाला धरून केलेल्या कायद्याला तो शब्द होता, आणि असा कायदा बरेचदा त्या माणसाच्या विरोधात असे. पुढे अर्थ उलटला.

रूढीनं मिळतो तो मान. हा पुणेकराला समजावून सांगायला नको. विसर्जनाच्या दिवशी आधी कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. बाकीची मंडळं मागे. हा क्रम म्हणजे अस्सल प्रिव्हिलेज, पण ‘कसब्याच्या गणपतीचा विशेषाधिकार’ म्हणून बघा, कुणीही हसेल. गावात पोळ्याला पाटलाच्या बैलांचा असतो तोही मानच. सूत्रसंचालक ‘इट्स माय प्रिव्हिलेज’ म्हणतात, त्याला ‘हा माझा बहुमान’ किंवा सरळ ‘माझं भाग्य’. ‘हा माझा विशेषाधिकार आहे’ असं भाषांतर मी कानांनी ऐकलंय, पाहुण्यांनीही ऐकलं.

सवलत वेगळी. ती वरचा देतो आणि काढूनही घेऊ शकतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ही सवलत. कंपनीतली पीएल ही प्रिव्हिलेज लीव्ह खरी, पण पुण्याच्या इंजिनीअरिंगच्या पोराला पीएल म्हटलं की परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टीच आठवते, तेव्हा तिथे शब्द शोधत बसू नये.

पुतणीला यातलं काहीच नको होतं. तिला सांगायचं होतं ते असं : घर कोथरूडात, आजी-आजोबा दोघं पदवीधर, अभ्यासाला स्वतंत्र खोली, इंग्रजी अडलं तर विचारायला आजी. यातलं काहीच तिनं मागितलं नव्हतं, कमावलंही नव्हतं. याला मराठी शब्द काय?

इथे आपली भाषा जरा लबाड आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोराला ‘सरकारचा जावई’ म्हणून टोमणा मारायला शब्द तयार. पण घरातून गुपचूप चालत आलेल्या फायद्याला रोजच्या बोलण्यात नाव नाही. ‘सात खून माफ’ आहे, पण ते लाडावलेल्याला, आणि त्यात गुन्हा गृहीत धरलेला. मला वाटतं, ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना तो फायदा दिसलाच नाही, म्हणून नाव पडलं नाही.

नाव एकेकाळी होतं मात्र : मिरास. मूळ अरबी, अर्थ वारसा. पेशवाईत गावच्या जमिनीवर पिढीजात हक्क असलेला तो मिरासदार. सारा भरत राहिला तर त्याला कुणी हलवू शकत नसे, जमीन विकायचीही मुभा. शेजारच्याच वावरात राबणारा उपरी मात्र मुदतीच्या करारावरचा. आज आहे, उद्या नाही. घाम दोघांचा सारखाच, फरक जन्माचा. ‘उपरा’ अजून सगळ्यांना कळतो. त्याच्यासमोर उभा असलेला मिरासदार आता आडनावात आणि भांडणात उरलाय. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाजलं की ‘ही काय तुमची मिरासदारी आहे का?’ हे वाक्य हमखास येतं. काही जण तिथे ‘मक्तेदारी’ म्हणतात; पण मक्ता पैसे मोजून घेतात, मिरास आयती येते.

‘वतन’ही, म्हणजे गावचं पिढीजात काम आणि त्याबदल्यातली जमीन, सुचलं होतं, पण ते बाजूला ठेवलं. पाटलाचं वतन मिरवायचं होतं. महाराचं वतन त्याला गावाच्या राबणुकीला बांधून ठेवायचं. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं ते उगाच नाही. इतका दुधारी शब्द निबंधात नको.

तिला लिहिलं : नाम हवं तर ‘मिरास’, साध्या बोलीत ‘मला बरंच आयतं मिळालं’. आणि ‘एक विद्यार्थिनी’तला तो ‘एक’ काढ, तो इंग्रजीतून आलाय.

रात्री उत्तर आलं : ‘आजीवालं वाक्य पहिलं घेतलंय. “आयतं”सुद्धा घेतलं. पण मथळा प्रिव्हिलेजच ठेवते हं, सरांना मिरास म्हणजे आडनाव वाटेल.’