ऑक्सिजनला ओ२ लिहितात, मग गंधकाला नुसतं एस का?

ओ२ हा ऑक्सिजनचा रेणू, ओ३ म्हणजे ओझोन, आणि नुसता ओ म्हणजे सुटा अणू, जो शंभरेक किलोमीटरच्या वरच्या विरळ हवेत भरपूर असतो. एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. खरी गोम गंधकात आहे, आणि तिथे माझं जुनं दुखणं आहे.

गंधकाचा रेणू आठ अणूंचा, एस८. म्हणून शाळेत मी गंधकाच्या ज्वलनाचं समीकरण एस८ + ८ ओ२ → ८ एसओ२ असं लिहिलं. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. बाईंनी लाल शाईने काट मारली, वर 'एस' लिहिलं आणि गुण कापला. शेजारच्या मुलीने ओ२ ऐवजी ओ लिहिलं होतं, तिचाही गुण गेला. तिला बाई म्हणाल्या, "ऑक्सिजन असा एकटा राहतो का गं?" मी विचारलं, "मग गंधक राहतं का?" उत्तर आलं, "पुस्तकात आहे तसं लिही. जास्त शहाणपणा नको."

याच बाईंनी प्रयोगशाळेत आम्हाला गंधक वितळवून दाखवलं होतं. आधी पिवळा, पाण्यासारखा पातळ द्रव. १६० अंशांच्या आसपास तो लालसर काळा पडत गेला आणि इतका घट्ट झाला की परीक्षानळी तिरकी केली तरी जागचा हलेना. आठ अणूंची कडी तुटते, लांब साखळ्या होतात आणि एकमेकींत गुंततात, हे बाईंनीच सांगितलं. फळ्यावर आठाची कडी चालते, माझ्या वहीत मात्र चालत नाही!

फरक अणूच्या आकाराचा. ऑक्सिजनचा अणू लहान, त्यामुळे दोघांत दुहेरी बंध पक्का बसतो. गंधकाचा मोठा, दुहेरी बंध तितका जमत नाही, म्हणून एकेरी बंधांची कडी. नायट्रोजन एन२ आणि पांढरा फॉस्फरस पी४, त्यामागेही हेच. हिरा, ग्रॅफाइट किंवा लोखंडात वेगळा रेणू दाखवताच येत नाही, तिथे सी किंवा एफई लिहिणं बरोबरच. गंधकाला एस लिहितात ते निव्वळ आकडेमोड सोपी व्हावी म्हणून. हे एक वाक्य सांगायला काय जात होतं?

आणि शहाणपणाचंच म्हणाल, तर अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने पाण्याला एचओ ठरवलं होतं. ड्युमा या रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये गंधकाच्या वाफेची घनता मोजली, ती अपेक्षेच्या तिप्पट भरली, आणि लोक अवोगाद्रोच्या १८११ च्या कल्पनेवरच (एकाच तापमान-दाबाच्या, सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच) शंका घेऊ लागले. कानिझ्झारो या रसायनशास्त्रज्ञाने १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत अवोगाद्रोची बाजू मांडली, तेव्हा कुठे गुंता सुटू लागला. इतकी वर्षं भल्याभल्यांना ज्याने घोळात घातलं, ते एखाद्या पोरीने विचारलं तर तो आगाऊपणा कसा?

तेव्हा बिनधास्त एस८ लिहा, नीट संतुलित करा आणि गुण कापला तर जाऊन भांडा.

हां, गुणांचीच निकड असेल तर मुकाट एस लिहा, तेही चूक नाही. आणि माझं ऐकून सगळीकडे आकडे चिकटवत सुटू नका: लाल फॉस्फरस पी४ नाही, तो नुसता पी. गंधकाची वाफ खूप तापवली तर तीही शेवटी एस२ होते.