खेळ हाताने, तोंडाने नाही

प्रिय बेटा,

रानभाज्या ओळखायला कसं शिकू, हे विचारणारं तुझं पत्र आणि सोबतची रानभाज्यांची यादी वाचली. शास्त्रीय नावं, जीवनसत्त्वं, कुठल्या नक्षत्रात काय उगवतं, सगळं टापटीप. एवढ्या तयारीने लोक स्पर्धा परीक्षेला बसतात! वही फाडू नकोस, पण पाऊस पडून पंधरवडा झाला की ती घरी ठेव आणि शेतात ये. कपडे जुने घाल.

आपल्याकडच्या पोरांना झाडं कुणी बसून शिकवली नाहीत. आघाड्याचा तुरा मित्राच्या पाठीवर ओढायचा, सदऱ्याला चिकटलेलं बी त्याच्या आईने बडबडत वेचायचं, की झाली आघाड्याची ओळख. तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की टचकन फुटून बी उडतं. रुईच्या बीच्या, वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्यांमागे पळायचं. केना मात्र मुळासकट हलकेच उपटून पाहा. वर निळी फुलं दिसतात, आणि मातीत फिकट देठांवर बंद कळ्या असतात. त्या उमलतच नाहीत, जमिनीतच बी धरतात. मला अजूनही केना दिसला की उपटून बघायचा मोह होतो, आणि या वयात वाकताना कंबर धरते तरी वाकतो.

तू म्हणतेस, मोठं झाल्यावर असं खेळायला लाज वाटते. वाटू दे. दोन-चार लहान पोरं सोबत घे, म्हणजे लोक तुला त्यांची ताई समजतील.

तरोट्यापासून, म्हणजे टाकळ्यापासून सुरुवात कर. पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीक जागेत दाट उगवतो. दिवेलागणीला त्याच्याजवळ बस. पानं जोडीजोडीने मिटू लागतात. पोरं म्हणतात, तरोटा झोपला. मिटायच्या आत जोड्या मोजायला लाव त्यांना. तरोट्याच्या एका देठावर बहुतेक तीन जोड्या, पान टोकाला गोलसर, देठाकडे निमुळतं. शेजारीच कासविंदा उभा असतो. त्याचंही फूल पिवळं, पण पानं टोकदार, जोड्या चार-पाच, आणि चुरगळलं की उग्र घाण वास. याच्या शेंगा खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम धरला. पोरांनी खेळात मोजलेल्या जोड्या अशा ठिकाणी कामाला येतात.

म्हणून एक गोष्ट कडक सांगतो. हाताने, नाकाने, डोळ्याने वाट्टेल ते खेळ. तोंडाचा खेळ करायचा नाही. कुंपणाच्या मोगली एरंडाचं देठ मोडून चिकाचे फुगे उडवायचा खेळ गावोगाव आहे. पण त्याच झाडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून पोरं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोहोचतात. फुगे उडव, पण देठ ओठाला लावू नकोस, चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, हात धू आणि पुढे चल.

खायचं ते आधी विकत घे. खानदेशात धडगाव, शहादा, चोपडा, यावल, रावेरकडच्या बाजारात श्रावणाच्या सुमारास पावरा, भिल्ल, तडवी आदिवासी बाया पाट्या घेऊन बसतात. घासाघीस करू नकोस. जुडी घे, कशी निवडायची, कशी शिजवायची ते विचार, मग तीच भाजी रानात शोध. मोबाइलवरच्या फोटोपेक्षा त्या मावशीच्या शब्दावर माझा जास्त भरवसा आहे. आणि कपाशीच्या बांधावरचं मालकाला विचारल्याशिवाय तोडू नकोस. तणनाशक मारलेलं असतं आणि पान दोन दिवस हिरवंच दिसतं.

कटुर्ल्याचा, म्हणजे करटोलीचा वेल सापडला तर फुलामागे बघ. बारकं काटेरी फळ दिसलं तर मादी वेल, नुसता देठ असेल तर नर. दोन्ही वेगवेगळे असतात, आणि नर उपटलास तर मादीला फळ कुठून येईल? कंदही उकरायचा नाही. दर पावसाळ्यात त्यातूनच वेल फुटतो.

आता भाजी. तरोट्याचे शेंडे कोवळे, फूल यायच्या आधीचे. नंतर कडवट होतात. पानं खुडून तीन पाण्यांनी धू, उकळत्या पाण्यातून काढून पिळ, बारीक चिर. तेल जरा सढळ. ठेचलेला लसूण लालसर होऊ दे, मग हिरवी मिरची, कांदा, तासभर भिजलेली मूगडाळ. डाळ अर्धी शिजली की भाजी, मीठ, शेवटी शेंगदाण्याचं जाडसर कूट. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तूरडाळीच्या फुणक्यातही (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) मूठभर तरोटा छान लागतो, कढीबरोबर. पण पहिल्या वेळी वाटीभरच खा, आणि एका दिवशी एकच नवी भाजी, म्हणजे पोटाने तक्रार केली तर कुणाची ते कळेल. घोळ, तांदुळजा उकळून पाणी फेकून दे, विशेषतः घरात कुणाला मुतखडा असेल तर.

पोरांना भाजी निवडायला बसव. जो निवडतो तो खातो, हे मी माझ्या नातवंडांवर आजमावलंय. मेथीला नाक मुरडणारी धाकटी कटुर्ल्याच्या काचऱ्या तव्यावरूनच पळवते.

तुझाच,
काका