पुरता विश्वास नसताना एकटीनं नर्मदा परिक्रमेला निघावं का?

एकटीनं पायी परिक्रमा करायची इच्छा आहे, पण ‘मैया’, म्हणजे नर्मदा, ‘सांभाळते’ यावर मन अजून ठाम होत नाही, तरी निघावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : निघा. हा भरवसा घरी बसून येत नाही. तो अंगी यावा म्हणूनच परिक्रमेचे नियम आहेत, असं मी चालून आल्यावर ठामपणे म्हणते.

नदी उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र ओलांडायचं नाही, उद्यासाठी साठवायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यात अवघड. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत मैया १३१२ किलोमीटर वाहते, आपल्याला दोन्ही काठ चालायचे, शिवाय धरणांच्या पाण्यात जुन्या वाटा गेल्यामुळे वळसे पडतात ते वेगळेच. एवढ्या वाटेची सोय कुणी घरून करून निघूच शकत नाही. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात ‘नर्मदे हर’ म्हणून उभं राहावंच लागतं.

बडवानीच्या पुढे, शूलपाणीच्या झाडीत, अंधारून आलं होतं आणि आश्रम अजून लांब होता. पाड्यावरच्या एका बाईनं डोक्यावरचा लाकडाचा भारा खाली टाकला आणि पहिला प्रश्न केला, “कितनी मूर्ती?”, म्हणजे किती जण? आम्ही कोण, कुठल्या, कशाला आलो, काही नाही. आसन लावायला ओटा झाडून दिला आणि मक्याच्या भाकरी थापायला बसली. पिठाचा डबा तिनं तिरका करून खरवडला, ते मी बघत होते. सकाळी निघताना वर बालभोग, म्हणजे सकाळची न्याहारी, म्हणून काळा चहा! याच झाडीत पूर्वी परिक्रमावासीयांना अंगावरच्या कपड्यांसकट लुटत असत. कुणी म्हणेल, ही काठावरच्या लोकांची रीत आहे, यात देव कुठे आला? मी त्या घरात जेवले आहे. माझ्यासाठी ती मैयाच होती.

आपल्या कोकणातल्या माणगावचे टेंबे स्वामी पैशाला न शिवता देशभर पायी फिरले आणि १९१४ साली याच नर्मदेकाठी, गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. त्यांचं वैराग्य आपल्याला कुठलं पेलायला! पण वाट तीच आहे.

भीतीचं म्हणाल, तर ती मला समुद्रात सगळ्यात जास्त वाटली. पात्र ओलांडायचं नाही, म्हणून नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तटावरून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला समुद्रातून होडीनं जावं लागतं, मध्ये किनारा दिसेनासा होतो. होडीत सगळे मैयाचा गजर करत होते. पण नावाड्यानं भरतीची वेळ बघितल्याशिवाय होडी सोडली नव्हती, हेही ध्यानात ठेवा. म्हणून औषधं, आधारकार्ड, पुरेसं गरम पांघरूण बरोबर घ्या. अमरकंटकची थंडी हाडं गोठवते. मुक्कामाचं गाव घरी कळवत जा, अंधार पडल्यावर चालू नका आणि झाडीत एकट्या शिरू नका. आदल्या आश्रमात थांबलात की सोबत मिळते.

चातुर्मासात चालायचं नसतं, तेव्हा कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरला संकल्प करा. पहिले काही दिवस मन घराकडे ओढ घेईल. त्या दिवसांत मोठी मजल मारायच्या फंदात पडू नका, जवळच्या आश्रमात लवकर आसन लावा.