‘फ्री टी-४’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: थायरॉइडच्या माहितीपत्रकात ‘फ्री टी-४’चं मराठी ‘मोफत टी-४’ असं छापलंय. त्याऐवजी ‘मुक्त’ लिहावं का?

‘मोफत’ सरळ चूक आहे. तो शब्द किमतीबद्दलचा. ‘मुक्त’ चालतो, परिभाषेत रुळलाही आहे. तरी मला ‘सुटं टी-४’ जास्त पटतं, आणि त्याचं कारण रक्तातच आहे.

टी-४, म्हणजे थायरॉक्सिन हे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, रक्तात मोकळं असं फारसं फिरत नाही. टीबीजी, ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन ही प्रथिनं त्याला धरून ठेवतात. दहा हजार रेणूंमागे जेमतेम दोन-तीन सुटे असतात, आणि पेशींच्या कामी येतात ते हेच. पण हे सुटेपण टिकत नाही. आत्ता सुटलेला रेणू लगेच पुन्हा प्रथिनाला चिकटतो, तोवर दुसरा सुटतो. ‘मुक्त’ म्हटलं की आपल्या कानाला मुक्ती ऐकू येते, जिथून परत येणं नाही. ‘सुटे’ तसे नाहीत. शंभराची नोट मोडली की सुटे होतात, सुटे देऊन पुन्हा नोट घेता येते; आणि रिक्षावाल्याच्या हातावर ठेवायला लागतात ते सुटेच.

(‘अवटु ग्रंथी’ हा थायरॉइडचा पारिभाषिक शब्दही असाच विचार करायला लावतो. अमरकोशात ‘अवटु’ म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ही ग्रंथी तर गळ्यात पुढे!)

माझ्या भाचीला दिवस गेले होते तेव्हा तिचं एकूण टी-४ वाढलेलं पाहून घरचे घाबरले. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे टीबीजी वाढतं, त्याला बांधलेला साठा वाढतो आणि एकूण आकडा दीडपटीपर्यंत जातो. तिचं सुटं टी-४ ठीक होतं. ‘एकूण’ आणि ‘सुटं’ हे दोन शब्द समोर ठेवल्यावर तिच्या आईला हे दोन मिनिटांत समजलं.

पत्रकात एककंही लिहायला हवीत. आपल्याकडच्या रिपोर्टांत एकूण टी-४ बहुधा मायक्रोग्रॅममध्ये असतं, सुटं नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट लहान मापात. एकीकडे ८ आणि दुसरीकडे १.२ दिसलं, तर फरक सहा-सात पटींचा नाही, हजारो पटींचा आहे.

मी तिथे असं लिहीन: ‘सुटं टी-४, म्हणजे तुमच्या रिपोर्टावरचं एफटी-४’.