सुरेश अंगडी हे उद्योजक होते की राजकारणी? खासदार कसे झाले?

आधी उद्योजक, मग राजकारणी. जन्म १९५५ चा, बेळगावजवळच्या कोप्प गावातला. शिक्षण बेळगावातच, वाणिज्य आणि कायद्याचं. व्यवसायात जम बसवला आणि पुढे शिक्षणसंस्थाही काढली. भाजपचं काम तालुका पातळीपासून करत ते जिल्हाध्यक्ष झाले.

२००४ मध्ये काँग्रेसच्या अमरसिंह पाटलांना हरवून ते लोकसभेत गेले, आणि मग २००९, २०१४, २०१९ अशा सलग चार निवडणुका जिंकल्या. शेवटचं मताधिक्य तर ३ लाख ९० हजारांच्या घरात. सीमाप्रश्नावर आम्हा मराठी भाषकांचं त्यांच्याशी जुळणं अवघडच होतं. पण रेल्वे राज्यमंत्री म्हणून कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड थेट मार्गासाठी त्यांनी जे रेटलं, ते मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. आजही धारवाडला रेल्वेने जायचं तर लोंढ्याचा वळसा पडतो.

२३ सप्टेंबर २०२० ला दिल्लीत कोरोनाने ते गेले. अंत्यविधीही तिकडेच झाला, बेळगावकरांना अंत्यदर्शन मिळालं नाही, याचं फार वाईट वाटतं. २०२१ च्या पोटनिवडणुकीत पत्नी मंगला अंगडी जेमतेम पाच हजार मतांनी निवडून आल्या. त्याच निवडणुकीत मराठी भाषकांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळकेंनी लाखाहून जास्त मतं घेतली होती.