‘जड वजनं उचलून माझ्या मुलाच्या हृदयाला काही होईल का?’

सिंहगड रोडवरून आलेल्या एका आईने खुर्चीत टेकायच्या आधीच हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा सव्वीस वर्षांचा, १४० किलोची डेडलिफ्ट मारणारा, म्हणजे तेवढ्या वजनाचा बार जमिनीवरून उचलणारा. २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर छातीत त्रास होऊन वयाच्या ४६व्या वर्षी गेले. तेव्हापासून लेक जिममधून परत येईपर्यंत बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“आजोबा तालमीत जोर मारायचे, त्यांना काय झालं?” तळहातावरचे घट्टे खरवडत तो म्हणाला.

“उचलतोस कसं, दाखव बरं,” मी म्हटलं.

त्याने बसल्याबसल्या श्वास कोंडला, पोट आवळलं. मानेवरची शीर तट्ट फुगली.

गोम इथेच आहे. १९८५ च्या एका अभ्यासात पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीतला दाब व्यायाम चालू असतानाच मोजला होता. श्वास कोंडून दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला. निरोगी रक्तवाहिनी हा क्षणभराचा दाब सोसते. उलट बेताच्या वजनांच्या नियमित व्यायामाने एरवीचा रक्तदाब थोडा उतरतोच, म्हणून सरसकट ‘जिम सोड’ असं मी सांगत नाही. पण महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, आधीच फुगलेली असेल, तर तिचा आतला पदर फाटू शकतो. आणि हा दोष घराण्यातून येऊ शकतो.

“घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?”

बाई बराच वेळ पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या. “याचे बाबा. एक्केचाळिसाव्या वर्षी. याला अटॅक म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, मोठी रक्तवाहिनी फाटली.”

मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता. आईची भीती मी निम्मा तास नुसती काळजी समजून ऐकली होती, याचं मला फार वाईट वाटलं. वडिलांबद्दल मी आधीच विचारायला हवं होतं.

तपासणी होईपर्यंत बारला हात लावायचा नाही, असं ठरवून त्याला त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. छातीतून पाठीत फाडल्यासारखी कळ गेली किंवा भोवळ आली, तर थेट १०८, हेही दोघांना बजावलं.

टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनी थोडी रुंद निघाली. डॉक्टरांनी जड वजनं बंद केली. श्वास न कोंडता, बोलता येईल इतपत हलका व्यायाम आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजणी.

पुढच्या भेटीला तो घुश्शातच आला. बाबांचं लपवल्याचा राग होता. तो सगळा बोलून झाल्यावर आईकडे वळून म्हणाला, “ताईचा इको कधी करायचा?”