'दयाळ'चा दयेशी संबंध नाही

कोथरूडहून प्रश्न आला आहे: 'दयाळ पक्ष्याचे नाव दयाळू स्वभावावरून पडले का? आणि त्याच्या राखाडी मादीला दयाळी म्हणावे का?'

पहिल्याचे उत्तर, नाही. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराला हा कसा झोडपतो ते ज्याने पाहिले, तो दयेचे नाव काढणार नाही. तरी पुण्यातल्या टेकड्यांवर पक्षी दाखवत फिरणारे ही व्युत्पत्ती ठोकून देतातच, आणि वर 'कोकिळा काय गोड गाते' हेही. 'कुहू' करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्यांची मादी 'किक् किक् किक्' ओरडते. कालिदासाच्या कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात स्पष्ट 'पुंस्कोकिल', म्हणजे नर कोकीळ, आहे, तरी आपण ऐकत नाही.

दयाळाला हिंदीत दहियर, दहियल म्हणतात, बंगालीत दोयेल. माझ्या मते मुळात दहीच आहे. नराच्या काळ्याभोर पंखावरचा पांढरा पट्टा कवडीदार दह्याचे बोट ओढल्यासारखा दिसतो.

खरी मजा लॅटिन नावात आहे. प्राण्यांना शास्त्रीय लॅटिन नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याला 'सॉलारिस' म्हटले. त्याआधी इंग्रजीत हा 'डायल बर्ड' होता. भारतातल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जर्डनने 1863 मध्ये लिहिले की लिनियसला डायल म्हणजे सूर्यघड्याळ वाटले, त्याने 'सोलारिस' (सूर्याचा) योजले आणि लिहिताना चुकून 'सॉलारिस' झाले. एवढ्या मोठ्या पक्षीतज्ज्ञाने इतके लंगडे स्पष्टीकरण द्यावे! 'डायल' म्हणजे साहेबाच्या कानाने ऐकलेले दहियल, दुसरे काय? कलकत्त्याचा पक्षीतज्ज्ञ ब्लाइथ याने बरोबर पकडले: मूळ शब्द हिंदी 'सौलारी', म्हणजे शंभर गाणी. मद्रासच्या बल्कली नावाच्या शल्यवैद्याने याच नावाने एक नर विलायतेत पेटिव्हर या निसर्गअभ्यासकाकडे धाडला होता, आणि 1713 मध्ये ते वर्णन छापले गेले. लिनियसचा तेव्हा बालपणीचा काळ. त्याची लेखणी कशी घसरेल? यातला 'लारी' म्हणजे 'लहरी' असावा असे मला ठाम वाटते. सौ लहरी. पहाटे तारेवर बसून हा एक लकेर घेतो, थांबतो, दुसरी निराळीच घेतो, मध्येच दुसऱ्या पक्ष्याची नक्कल पेरतो. ते ऐकल्यावर दुसरा अर्थ पटतच नाही.

राहिली मादी. 'दयाळी' कोणी म्हणत नाही. 'दयाळाची मादी' म्हणा. नर जिथे काळा तिथे ती राखाडी. तिच्यापुढे तो पिसे फुलवतो, चोच वर करतो, शेपटी पसरून ऐटीत चालतो. म्हणजे गाण्याइतकीच भिस्त त्या काळ्या-पांढऱ्या रंगावर. पण नर जवळ असला की तीही थोडेसे गाते. तेव्हा गाणे ऐकून 'नर' असे लिहून टाकू नका, आधी रंग बघा.